फाटकाचं खातं

ल्यूडर श्टेलिंग यांच्या पेढीवर
मी एकतीस वर्षं कीर्द लिहिली.
माझं नाव कुठल्याच हुंडीवर नाही, विचारू नका.

माणूस कोरडा. काळा कोट, कॉलरला खळ,
उजव्या हाताच्या बोटांना कच्च्या कॉफीचा वास.
गोणीत हात घालून सांगायचे:
माल भिजलाय. बंदरात नाही, वाटेत,
तिसऱ्या आठवड्यात.
कप्तान मान खाली घालायचा,
आम्ही कारकून टाक थांबवायचो.

ब्रेमेनच्या नगरसभेत त्यांचं भाषण कधी रंगलं नाही.
मासळीबाजाराच्या गटारावर बोलले तेव्हा
एकजण चक्क घोरला.
पण गटार झालं.
वेझरचा गाळ काढा म्हणाले, तर लोक हसले:
नदीला काय खतावणी दाखवणार?
त्यांनी दाखवली. अकरा वर्षांचे आकडे,
किती जहाजं खालीच अडली,
किती पैसा पाण्यात गेला, अगदी शब्दशः.
गाळ काही त्यांच्या हयातीत निघाला नाही.

मग फाटकाचा ठराव आला.
आता खोटं वाटेल, पण तेव्हा
दिवेलागणीला शहराची दारं लागायची,
उशिरा येणाऱ्यानं नाणं मोजायचं आणि आत यायचं.
ठराव म्हणत होता, हे बंद करा.
मला वाटलं, मालकांचा हात पहिला वर जाणार.
त्यांच्या बहिणीनं, गेशेनं, एकदा सांगितलं होतं मला:
बाप दलदलीतून नावेनं पीट आणायचा,
जळाऊ मातीच्या काळ्या विटा.
ल्यूडर नऊ वर्षांचा, नोव्हेंबर, वारा उलटा,
पोचेपर्यंत फाटक बंद. खिशात दमडी नाही.
सगळं शहर ज्याच्या उबेला बसलं होतं
ते सरपण उशाशी घेऊन
बापलेक भिंतीबाहेर कुडकुडत राहिले.
पेटवलं का नाही? मी विचारलं.
गेशे म्हणाली, विकायचं होतं ना.

ठरावाच्या दिवशी मालक उठले.
फाटकाचं उत्पन्न वर्षाला इतके थालर, म्हणाले,
त्याच्या जागी काय, कोणी सांगेल का?
कोणी सांगितलं नाही.
हात खालीच राहिला.
ठराव तीन मतांनी पडला.
त्या संध्याकाळी मी त्यांना कोट चढवायला गेलो नाही.
त्यांच्या लक्षात आलं असावं.
एक बाही हवेत शोधत राहिले थोडा वेळ.

फाटक पुढे गेलंच, धामधुमीच्या साली,
त्यांना न विचारता.

आणि ते गेले फेब्रुवारीत, गोदामाच्या जिन्यावर.
मेत्ताबाईंनी मला खाजगी खण रिकामा करायला बोलावलं.
चष्म्याची मोडकी दांडी. बडीशेपेच्या गोळ्या.
आणि एक पातळ वही, वर लिहिलेलं: फाटक.
रोज एक ओळ.
पहारेकरी हेनेके यास, उशिरा येणाऱ्यांकरता,
नऊ ग्रोट. बारा ग्रोट.
हिवाळ्यात जास्त.
एका ओळीपुढे: म्हातारी, बदकं घेऊन.
एकीपुढे: मुलगा. एकटा.
ठराव पडला त्या तारखेलाही. चोवीस ग्रोट.

मला रागच आला, खरं सांगतो.
हात वर करायला काय पडलं असतं?
तेवढं तर फुकट होतं.
हे असलं गुपचूप, पदरचं,
हेनेकेच्या मुठीतून माणसामागे माणूस,
आणि दार मात्र जिथल्या तिथे.

फाटक गेल्यानंतरच्या पानांवरही
तारखा आहेत, रोजच्या, त्याच नीट अक्षरात,
पुढे शून्य.
शून्य.
कुठे कुठे शून्य जरा मोठं, सैल,
हात थकल्यासारखं.

जुळतो का हिशेब? मेत्ताबाईंनी विचारलं.
शेगडीत पीट जळत होतं, धूर गोडसर.
मी बेरीज केली. दोनदा.
जुळतो, म्हणालो.

खातं मिटवताना खाली दोन रेघा मारायची आमची पद्धत.
मी टाक घेतला,
एक मारली,
आणि वही तशीच त्यांच्या हातात दिली.